डॅनियल अ‍ॅश: बाऊहाउस, टोन्स ऑन टेल, लव्ह अँड रॉकेट्स आणि पुढे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डॅनियल अ‍ॅशबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्या श्रोत्यांचे आहेत, पुढे बारकावे आणि अपवाद येतात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॅनियल अ‍ॅश नक्की कोण? हे नाव मी पहिल्यांदाच ऐकतोय.

इंग्लंडमधलं नॉर्दम्प्टन हे गाव जोड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जायचं. डॅनियल अ‍ॅश तिथला. जन्म ३१ जुलै १९५७. बाऊहाउस (१९७८ पासून), टोन्स ऑन टेल (१९८२ पासून) आणि लव्ह अँड रॉकेट्स (१९८५ पासून) या तीन बँडचा तो गिटारवादक. शेवटच्या दोन बँडमध्ये तो गायलाही, आणि अधूनमधून सॅक्सोफोनही वाजवला. शिवाय त्याचे स्वतःच्या नावाचे अल्बम आहेत.

नाव ओळखीचं वाटत नसेल तरी त्याचं वादन तुमच्या कानावरून गेलेलं असू शकतं. 'बेला लुगोसीज डेड' हे गॉथिक रॉकचं मूळ मानलं जाणारं गाणं आणि 'सो अलाइव्ह' हे १९८९ मध्ये अमेरिकेत रेडिओवर गाजलेलं गाणं, दोन्हींवर गिटार त्याचीच आहे. एकाच माणसाने दहा वर्षांत या दोन टोकांना हात लावला, म्हणूनच त्याच्या कारकिर्दीवर इतके प्रश्न येतात.

२. पोस्ट-पंक आणि गॉथिक रॉक यांत फरक काय? अ‍ॅशला कशात धरायचं?

१९७६-७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंकची लाट आली. गाणी लहान, वेगवान, तीन-चार कॉर्डची. वाद्य येत नसलं तरी स्टेजवर चढायची हिंमत हवी. लाट ओसरल्यावर ती हिंमत ज्यांनी ठेवली पण तो साचा टाकून दिला, त्यांच्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात. त्यात जमैकाचं डब (रेगेच्या रेकॉर्डिंगवर एको चढवून केलेलं संगीत) आलं, डिस्को आलं, जर्मन प्रायोगिक संगीत आलं, कलाशाळेतल्या कल्पना आल्या.

गॉथिक रॉक ही त्याच झाडाची एक फांदी. बास पुढे, गिटार धारदार आणि पोकळीतून आल्यासारखी, गायकाचा आवाज नाटकी, विषय मृत्यू, धर्म, भय आणि वासना. लंडनच्या सोहो भागातला बॅटकेव्ह क्लब १९८२ मध्ये सुरू झाला आणि या मंडळींना एक ठिकाण व एक पेहराव मिळाला. बाऊहाउस त्याच्या तीन वर्षं आधीपासून रेकॉर्ड काढत होते.

अ‍ॅशला दोन्हींत धरा. पण 'गॉथ' हा शिक्का बाऊहाउसच्या चौघांनी कधी आनंदाने मिरवला नाही. त्यांच्या डोक्यात ग्लॅम रॉक (सत्तरच्या दशकातलं चकचकीत, नाटकी पोशाखातलं रॉक) आणि डब यांचं स्थान फार मोठं होतं, आणि अ‍ॅशचं वादन ऐकताना हे लक्षात ठेवलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात (प्रश्न १० पहा).

३. बाऊहाउस म्हणजे ती जर्मन कलाशाळाच ना?

नाव तिथूनच घेतलं आहे. वायमारमध्ये १९१९ साली सुरू झालेल्या त्या शाळेवरून बँडने सुरुवातीला 'बाऊहाउस १९१९' असंच नाव ठेवलं होतं; आकडा थोड्याच काळात गळला. शाळेसाठी ऑस्कर श्लेमरने केलेलं चौकोनी रेषांचं चेहऱ्याचं चिन्हही बँडने उचललं. जे.जे. किंवा अभिनवमध्ये शिकलेल्या वाचकांना ते चिन्ह पाहताक्षणी ओळखू येतं आणि मग हा प्रश्न येतो.

४. बँड जमला कसा?

अ‍ॅश आणि पीटर मर्फी शाळेपासूनचे मित्र. अ‍ॅश गावातल्या वेगवेगळ्या बँडमध्ये डेव्हिड आणि केव्हिन हॅस्किन्स या भावांबरोबर वाजवत होता. मर्फी छपाईच्या कारखान्यात नोकरीला होता आणि त्याने त्याआधी कुठेही गायलेलं नव्हतं. अ‍ॅशला मात्र खात्री होती की हा माणूस गायक दिसतो, म्हणजे तो गायक आहे. त्याने मर्फीला गळ घातली.

ड्रमवर केव्हिन आला. थोरला भाऊ डेव्हिड मात्र पहिल्या मांडणीत नव्हता. बँडवर पकड आपली राहावी असं अ‍ॅशला वाटत होतं आणि डेव्हिड स्वतःच्या मतांचा माणूस. पण पहिला बासवादक काही आठवड्यांतच गेला आणि डेव्हिड आला, 'डेव्हिड जे' या नावाने. पहिला कार्यक्रम ३१ डिसेंबर १९७८ ला वेलिंगबरो या शेजारच्या गावातल्या एका पबमध्ये झाला. त्यानंतर महिनाभरात त्यांनी जे रेकॉर्ड केलं त्याबद्दल पुढचा प्रश्न आहे.

५. 'बेला लुगोसीज डेड'मध्ये गिटार कुठे आहे? मला तर बास आणि ड्रमच ऐकू येतात.

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि तो अगदी योग्य आहे, कारण अ‍ॅशला समजून घेण्याचा रस्ता इथूनच सुरू होतो.

२६ जानेवारी १९७९ ला वेलिंगबरोच्या बेक स्टुडिओत चौघांनी हे गाणं एकत्र वाजवून रेकॉर्ड केलं. पहिल्याच प्रयत्नात जे उमटलं तेच रेकॉर्डवर आहे. साडेनऊ मिनिटांचं गाणं. सुरुवातीला केव्हिनचा ब्राझीलच्या बोसा नोव्हा संगीताच्या वळणाचा ठेका येतो, ड्रमच्या कडेवर काठी मारलेली, त्यावर एको. मग डेव्हिड जेचा बास तीन-चार सुरांनी एकेक पायरी खाली उतरतो. मर्फीचा आवाज जवळजवळ तीन मिनिटं येतच नाही.

या पूर्ण काळात अ‍ॅश काय करतो? तो तारा खरवडतो. आवाज एकोमध्ये सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहतो. दाराची बिजागरी करकरावी, पंख फडफडावेत, दूर कुठे धातूवर धातू घासावा, असे जे आवाज तुम्हाला 'वातावरण' म्हणून जाणवले, ती गिटार आहे. डब संगीतात मिक्सिंगचा कारागीर जे काम एको वापरून करतो, ते इथे वादक करतोय.

कॉर्ड येतात तेव्हाही त्या सरळ नाहीत. बोटांचा आकार तोच ठेवून हात गिटारच्या मानेवर वर सरकवायचा आणि काही तारा मोकळ्या वाजू द्यायच्या, अशी युक्ती आहे. त्यामुळे काही सूर जुळतात, काही एकमेकांशी भांडतात. मेजर की मायनर, हसरं की रडवं, असा निवाडा कान करू शकत नाही आणि ती अस्वस्थता गाणं संपेपर्यंत सुटत नाही.

हेडफोन लावा आणि फक्त पहिली तीन मिनिटं ऐका, बासकडे मुद्दाम दुर्लक्ष करून. या गाण्यात गिटार किती काम करते हे तेव्हा कळतं.

६. ते गाणं लिहिलं कोणी? कुठे डेव्हिड जेचं नाव येतं, कुठे चौघांचं.

शब्द डेव्हिड जेचे. टीव्हीवर जुने भयपट लागायचे, त्यावर तो आणि अ‍ॅश फोनवर बोलले होते, आणि अ‍ॅशला नुकत्याच काही विचित्र कॉर्ड सापडल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या ड्रॅक्युला चित्रपटातला हंगेरियन-अमेरिकन नट. १९५६ मध्ये वारला आणि त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यासह पुरलं गेलं.

श्रेय मात्र चौघांचं. बाऊहाउसमध्ये गाण्यांचं श्रेय चौघांत सारखं वाटायचं असा रिवाज होता, म्हणून कोणत्याही गाण्याखाली फक्त अ‍ॅशचं नाव शोधू नका.

७. हे जगातलं पहिलं गॉथिक रॉक गाणं, हे खरं का?

ऑगस्ट १९७९ मध्ये स्मॉल वंडर या छोट्या कंपनीने ते बारा इंची रेकॉर्डवर काढलं. त्याच्या आधी सूक्सी अँड द बॅनशीजचा पहिला अल्बम (नोव्हेंबर १९७८) आणि जॉय डिव्हिजनचा पहिला अल्बम (जून १९७९) येऊन गेले होते. काळोख, पोकळी, थंडपणा त्या दोन्हींत आहे. त्यामुळे 'पहिलं' म्हणणं मला पटत नाही. पण वटवाघळं, शवपेटी, मनोरा, अंधारी खोली हा सगळा पसारा एकाच गाण्यात मांडून त्याला साजेसा ध्वनी देण्याचं काम याच गाण्याने केलं. नंतरच्या शेकडो बँडनी नमुना म्हणून हेच समोर ठेवलं.

८. अ‍ॅश वाजवतो कशावर? आणि तो सोलो का वाजवत नाही?

बाऊहाउसच्या काळात त्याच्या हातात बहुतेक वेळा फेंडर टेलिकास्टर दिसते. तिचा आवाज मुळातच पातळ आणि टोकदार. काच घासल्यासारखे आवाज काढायला सोयीची. त्यात फझ (आवाज फाटका करणारं उपकरण), एको, अँप समोर उभं राहून मिळवलेला फीडबॅक, आणि ई-बो. ई-बो म्हणजे हातात मावणारं छोटं बॅटरीचं यंत्र: तारेजवळ धरलं की चुंबकीय कंपनाने तार आपोआप कंपत राहते आणि सूर तानपुऱ्यासारखा अखंड टिकतो. गिटारचा सूर छेडला की विरत जातो ही तिची मर्यादाच त्याने नाहीशी होते.

सोलो वाजवत नाही, कारण त्याला ती भाषा नको होती. सत्तरच्या दशकातल्या रॉकमध्ये गिटारवादकाचा मान त्याच्या बोटांच्या वेगावर ठरायचा. अ‍ॅशने स्वतःला विचारलेला प्रश्न वेगळा दिसतो: हा आवाज गिटारचा आहे हे ओळखूच येऊ नये, असं करता येईल का? म्हणूनच सॅक्सोफोन हातात घेतल्यावरही तो जॅझच्या वाटेला जात नाही. 'मास्क' अल्बमवर त्याचा सॅक्सोफोन किंचाळतो आणि गप्प होतो.

याचा अर्थ त्याला वाजवता येत नाही असा काढणारे लोक आहेत. त्यांनी 'डार्क एन्ट्रीज' (१९८०) ऐकावं. तो घसरत खाली येणारा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) इतक्या वेगात, इतक्या नेमक्या जोरात वाजत राहणं सोपं नाही.

९. बाऊहाउसचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

आले त्याच क्रमाने ऐका. पहिल्या खेपेला चारच आहेत आणि प्रत्येकात गिटारची भूमिका बदलते.

'इन द फ्लॅट फील्ड' (१९८०, ४एडी कंपनी) हा सर्वांत राकट. नॉर्दम्प्टनच्या सपाट, कंटाळवाण्या आयुष्यातून सुटायची धडपड त्यात आहे. समीक्षकांनी तेव्हा त्याची सालटी काढली, पण स्वतंत्र कंपन्यांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. 'मास्क' (१९८१, बेगर्स बँक्वेट) मध्ये फंक आणि डब शिरतात. मुखपृष्ठावरचं रेखाटन अ‍ॅशचं आहे. 'द स्कायज गॉन आउट' (१९८२) ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचला, त्यांचं सर्वांत मोठं यश. त्यातल्या 'ऑल वी एव्हर वॉन्टेड वॉज एव्हरीथिंग'मध्ये साधी अकूस्टिक गिटार आहे आणि मला ते या बँडचं सर्वांत सुंदर गाणं वाटतं. 'बर्निंग फ्रॉम द इनसाइड' (१९८३) ची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न १२ मध्ये.

१०. बाऊहाउसने बोवीची नक्कल केली, असं ऐकलंय. कितपत खरं?

मर्फीची शरीरयष्टी, गालाची हाडं, खर्जातला आवाज यांमुळे समीक्षक पहिल्या दिवसापासून हा आरोप करत होते. १९८२ मध्ये बँडने यावर सरळ उत्तर दिलं: ग्लॅम गायक डेव्हिड बोवीचं 'झिगी स्टारडस्ट' जसंच्या तसं वाजवून रेकॉर्ड काढली. ती ब्रिटनमध्ये १५ व्या क्रमांकावर गेली आणि ते 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या कार्यक्रमात झळकले. याच गाण्यामुळे तिसऱ्या अल्बमला एवढा प्रतिसाद मिळाला.

अ‍ॅशच्या बाजूने पाहिलं तर इथे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन हा त्याचा आदर्श. १९८० मध्येच बाऊहाउसने टी. रेक्स या ग्लॅम बँडचं 'टेलिग्राम सॅम' काढलं होतं. ग्लॅमचं ऋण ते उघडपणे फेडत होते. फरक एवढाच की रॉन्सनची गिटार गाण्याला उचलून धरते, अ‍ॅशची गिटार गाण्याला ओरखडे काढते.

११. 'द हंगर' या चित्रपटात अ‍ॅश दिसतो का?

टोनी स्कॉटच्या १९८३ च्या या चित्रपटाची सुरुवात 'बेला लुगोसीज डेड'ने होते. लंडनच्या हेवन क्लबमध्ये जाळीमागे बँड वाजवतो आहे. पण कॅमेरा मर्फीच्या चेहऱ्यावरच खिळलेला आहे, बाकीचे तिघे जवळजवळ दिसतच नाहीत. त्याच सुमारास मर्फी मॅक्सेल कॅसेटच्या जाहिरातीतही चमकला. चौघांचा बँड बाहेरून एकाचा दिसू लागला, आणि ही बोच पुढच्या उत्तरात कामाला येते.

१२. बाऊहाउस १९८३ मध्ये का फुटला?

'बर्निंग फ्रॉम द इनसाइड'चं काम सुरू झालं तेव्हा मर्फी न्यूमोनियाने आजारी होता. उरलेल्या तिघांनी काम थांबवलं नाही. अ‍ॅशने 'स्लाइस ऑफ लाइफ' गायलं, डेव्हिड जेने 'हू किल्ड मिस्टर मूनलाइट'. मर्फी परत आला तेव्हा अर्धा अल्बम त्याच्याशिवाय उभा होता. एकीकडे गायकाला मिळणारी जादा प्रसिद्धी, दुसरीकडे गायकाशिवाय चाललेलं काम. दोन्ही बाजूंना दुखावलं जाण्यासारखं होतं.

५ जुलै १९८३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले इथे शेवटचा कार्यक्रम झाला. स्टेज सोडताना डेव्हिड जे 'रेस्ट इन पीस' म्हणाला. प्रेक्षकांतल्या बहुतेकांना त्याचा अर्थ नंतर कळला. अल्बम बाजारात आला तेव्हा बँड अस्तित्वात नव्हता.

वरवर हा दुर्दैवी शेवट आहे. अ‍ॅशच्या कारकिर्दीकडे पाहता मात्र बाऊहाउसमध्ये तो याच अल्बमवर गायक म्हणून पुढे आला.

१३. टोन्स ऑन टेल हा बाऊहाउसनंतरचा बँड का? तारखा जुळत नाहीत.

जुळत नाहीत, कारण तो आधीच सुरू झाला होता. १९८२ मध्ये, बाऊहाउस चालू असतानाच, अ‍ॅशने ग्लेन कॅम्पलिंगबरोबर हा जोडउद्योग सुरू केला. कॅम्पलिंग बाऊहाउसचं सामान सांभाळणारा सहकारी. बँड फुटल्यावर केव्हिन हॅस्किन्स येऊन मिळाला आणि तिघांनी १९८४ मध्ये 'पॉप' हा त्यांचा एकमेव अल्बम काढला. टेपच्या शेवटी यंत्र जुळवण्यासाठी जे सूर भरून ठेवतात, त्यांच्यावरून बँडचं नाव आलं.

या बँडवर फार कमी लिहिलं जातं, आणि मला ते खटकतं. अ‍ॅशच्या हातात पूर्ण सूत्रं असलेला हा पहिला बँड. इथे तो काय करतो? कुजबुजतो. मर्फीच्या गर्जनेनंतर हा आवाज कानाशी येऊन बोलल्यासारखा वाटतो. गिटार कधी सिंथेसायझरमध्ये विरघळते, कधी एकदम पुसून टाकली जाते. 'पॉप'मधली गाणी एकमेकांसारखी नाहीत: एक अंगाईसारखं, दुसरं यंत्रासारखं, तिसरं जॅझ क्लबच्या मागच्या दारातून आल्यासारखं. पुढे 'गो!' आहे, ज्यावर आजही लोक नाचतात.

आणि गंमत अशी की 'गो!' अल्बमसाठी नव्हतंच. १९८४ च्या 'लायन्स' या सिंगलच्या मागच्या बाजूला ते होतं. 'पॉप'च्या मूळ आवृत्तीत ते शोधून सापडत नाही म्हणून अनेक वाचक लिहितात. त्याचं कारण हे.

त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यानंतर बँड संपला.

१४. लव्ह अँड रॉकेट्स म्हणजे मर्फीशिवाय बाऊहाउसच ना?

माणसं तीच: अ‍ॅश, डेव्हिड जे, केव्हिन. १९८५ मध्ये चौघांनी पुन्हा एकत्र यायचं ठरलं होतं. सरावाच्या दिवशी मर्फी आला नाही. तिघांनी सराव केला आणि तोच नवा बँड ठरला. नाव कॅलिफोर्नियातल्या हर्नांडेझ बंधूंच्या कॉमिकवरून घेतलं.

संगीत मात्र तेच नाही. पहिलंच सिंगल 'बॉल ऑफ कन्फ्युजन' हे टेम्प्टेशन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन गटाचं १९७० चं गाणं होतं. 'सेव्हन्थ ड्रीम ऑफ टीनेज हेवन' (१९८५) आणि 'एक्स्प्रेस' (१९८६) मध्ये साठच्या दशकातला सायकेडेलिक रंग आहे, अकूस्टिक गिटारचे थर आहेत, दोन आवाज एकत्र गातात. बाऊहाउसमधल्या काळोखातून तीच माणसं उन्हात आली असं हे अल्बम ऐकताना वाटत राहतं. अ‍ॅशची गिटार इथे पहिल्यांदा ऐसपैस पसरते. १९८८ मध्ये पांढऱ्या फुग्यांसारखा पोशाख घालून त्यांनी 'द बबलमेन' या नावाने एक सिंगलही काढलं. गॉथचे देव मानले गेलेल्या लोकांनी असं करणं त्यांच्या जुन्या चाहत्यांपैकी बऱ्याच जणांना रुचलं नाही.

१५. 'सो अलाइव्ह' अमेरिकेत एवढं गाजलं, मग ब्रिटनमध्ये का नाही?

१९८९ मध्ये हे गाणं बिलबोर्ड हॉट १०० मध्ये तिसऱ्या आणि मॉडर्न रॉकच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये ते कोपऱ्यात राहिलं.

माझ्या मते याची दोन कारणं. अमेरिकेत विद्यापीठांची रेडिओ केंद्रं वर्षानुवर्षं हा बँड वाजवत होती, त्यामुळे श्रोता तयार होता. शिवाय तिथे त्यांना बाऊहाउसच्या ओझ्याशिवाय ऐकलं गेलं. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी मात्र त्यांना 'ते जुने गॉथ' या खणात घालून ठेवलं होतं आणि खण उघडायला कोणी तयार नव्हतं.

गाणं ऐकताना मार्क बोलनची, म्हणजे टी. रेक्सची आठवण येईल: सुस्त ठेका, श्वासासारखा आवाज, मागे स्त्रियांचा कोरस. प्रश्न १० मधला ग्लॅमचा धागा इथे परत येतो.

१६. 'कुंडलिनी एक्स्प्रेस' या गाण्यामागे काही भारतीय संबंध आहे का?

'एक्स्प्रेस' अल्बमवरच्या या गाण्यात कुंडलिनी जागृतीला आगगाडीच्या प्रवासाचं रूप दिलं आहे. रेल्वेतल्या उद्घोषणेच्या थाटात शब्द येतात. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेल्या माणसाला इथे शास्त्र सापडणार नाही. साठच्या दशकापासून पाश्चात्त्य रॉकमध्ये योग आणि पौर्वात्य अध्यात्माचं जे आकर्षण होतं, त्याच परंपरेतलं हे गाणं. राग किंवा भारतीय वाद्य त्यात शोधू नका. फझ लावलेली गिटार रुळांवरच्या चाकांसारखी पुढे धावते, ती ऐका.

१७. आगीत सगळं सामान जळालं, ती घटना काय?

'सो अलाइव्ह'नंतर बँडने पाच वर्षांनी 'हॉट ट्रिप टू हेवन' (१९९४) काढला, लांबलचक इलेक्ट्रॉनिक गाण्यांचा. त्यानंतरच्या अल्बमसाठी ते लॉस एंजलिसमध्ये निर्माता रिक रुबिनच्या घरात राहून काम करत होते. एप्रिल १९९५ मध्ये त्या घराला आग लागली. बँडची वाद्यं आणि उपकरणं गेली. पाहुणा म्हणून राहिलेला थ्रॉबिंग ग्रिसल या बँडचा जेनेसिस पी-ऑरिज खिडकीतून बाहेर पडताना गंभीर जखमी झाला. 'स्वीट एफ.ए.' शेवटी १९९६ मध्ये आला, 'लिफ्ट' १९९८ मध्ये, आणि १९९९ मध्ये बँड थांबला.

१८. त्याचे एकल अल्बम ऐकण्यासारखे आहेत का?

'कमिंग डाउन' (१९९१) आणि 'फूलिश थिंग डिझायर' (१९९२) हे दोन नक्की. पहिल्यात त्याने 'ब्लू मून'सारखी जुनी गाणी आपल्या कुजबुजत्या ढंगात घेतली आहेत. दुसऱ्यात गिटार पुन्हा जोरात आहे. २००२ चा 'डॅनियल अ‍ॅश' मला तितका लागला नाही. 'स्ट्रिप्ड' (२०१४) मध्ये त्याने स्वतःचीच जुनी गाणी इलेक्ट्रॉनिक रूपात पुन्हा केली. मूळ गाणी ओळखीची झाल्यावरच तो ऐकावा.

१९. बाऊहाउस किती वेळा परत आला?

प्रत्येक वेळी 'शेवटचं' म्हटलं गेल्याने गोंधळ होतो. १९९८ मध्ये मोठा दौरा झाला. २००५ मध्ये कोचेला महोत्सवात मर्फी वटवाघळासारखा उलटा टांगलेला असताना त्यांनी 'बेला लुगोसीज डेड' वाजवलं, आणि पुढच्या वर्षी नाईन इंच नेल्सबरोबर दौरा केला. 'गो अवे व्हाइट' (२००८) हा पाचवा अल्बम कॅलिफोर्नियातल्या ओहाय इथे १८ दिवसांत रेकॉर्ड झाला, आणि तो येतानाच बँड संपल्याचं जाहीर झालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये चौघे हॉलिवूड पॅलेडियममध्ये पुन्हा एकत्र दिसले. २०२२ मध्ये 'ड्रिंक द न्यू वाइन' हे नवं गाणं आलं, पण त्याच वर्षीचा अमेरिका दौरा मर्फीच्या प्रकृतीच्या कारणाने रद्द झाला.

त्या शेवटच्या गाण्याची पद्धत सांगण्यासारखी आहे. अतिवास्तववादी चित्रकारांचा एक खेळ होता: कागद दुमडून प्रत्येकाने आधीचं न पाहता पुढचा भाग काढायचा. चौघांनी तसंच केलं. प्रत्येकाने एक मिनिटाचा आपला तुकडा दुसऱ्यांचा न ऐकता भरला. १९८२ च्या अल्बमवरही याच खेळावर बेतलेलं गाणं होतं.

२०. पॉपटोन हा नवा बँड की जुन्यांचा संच? त्याला टोन्स ऑन टेल म्हणता येईल का?

२०१७ मध्ये अ‍ॅश, केव्हिन आणि केव्हिनची मुलगी दिवा दोम्पे यांनी पॉपटोन सुरू केला. बासवर दिवा होती. त्यांनी टोन्स ऑन टेल, लव्ह अँड रॉकेट्स आणि बाऊहाउस या तिन्हींची गाणी वाजवली, नवी रचना केली नाही. म्हणून त्याला टोन्स ऑन टेलचं पुनरागमन म्हणू नये. कॅम्पलिंग त्यात नाही. पण १९८४ नंतर टोन्स ऑन टेलची गाणी स्टेजवर ऐकण्याची संधी अनेकांना पहिल्यांदा पॉपटोनमुळेच मिळाली.

लव्ह अँड रॉकेट्सचे मूळ तिघे २०२३ मध्ये पॅसाडेनाच्या क्रुएल वर्ल्ड महोत्सवात एकत्र आले, ती वेगळी गोष्ट. आणि अ‍ॅशेस अँड डायमंड्स हा आणखी वेगळा बँड: त्यात अ‍ॅशबरोबर पब्लिक इमेज लिमिटेड या बँडमध्ये ड्रम वाजवलेला ब्रूस स्मिथ आणि शाडे या बँडचा बासवादक पॉल डेनमन आहेत. त्याच्या कारकिर्दीत हॅस्किन्स भावांपैकी एकही नसलेले बँड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, म्हणून याकडे मी लक्ष ठेवून आहे.

२१. गिटार शिकतोय. अ‍ॅशचं काय आधी बसवावं?

'ऑल वी एव्हर वॉन्टेड वॉज एव्हरीथिंग'. कॉर्ड थोड्या, गती संथ, आणि प्रत्येक सुराला जागा द्यावी लागते. ते जमल्यावर 'बेला लुगोसीज डेड'ची सरकणारी कॉर्ड (प्रश्न ५) घ्या. महागडी उपकरणं लागत नाहीत. एक डिले पेडल (पायाने चालवायचं, प्रतिध्वनी देणारं यंत्र) पुरे. पेडलची वेळ ड्रमच्या ठेक्याशी जुळवा, एकच आघात करा आणि प्रतिध्वनी पूर्ण विरेपर्यंत हात उचलून धरा. नवशिक्याला हेच सर्वांत अवघड जातं. 'डार्क एन्ट्रीज' सगळ्यात शेवटी.

२२. 'इन द फ्लॅट फील्ड'मधलं 'डबल डेअर' बाकीच्या गाण्यांपेक्षा वेगळं का ऐकू येतं? माझी प्रत खराब आहे का?

प्रत ठीक आहे. ते रेकॉर्डिंग अल्बमच्या सत्रातलं नाहीच. बाऊहाउसने बीबीसी रेडिओवरच्या जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी हे गाणं आधी वाजवलं होतं. अल्बमसाठी पुन्हा करायला गेल्यावर तो जोर परत मिळेना, म्हणून त्यांनी बीबीसीची टेपच वापरायचा आग्रह धरला. परवानगी मिळवताना अडचणी आल्या, पण मिळाली. सुरुवातीचा विस्कटलेला, जड बास आणि त्यावर अ‍ॅशच्या गिटारचा फाटलेला आवाज रेडिओच्या स्टुडिओतला आहे. अल्बममधल्या इतर गाण्यांशी तुलना करायची असेल तर त्याच्या लगेच नंतर शीर्षकगीत लावा. खोलीचा फरक पहिल्या काही सेकंदांतच कळतो.